आकडा कुणाच्या घरी

"सोंड पुन्हा अडकली," चारूने हातांनी सांगितलं आणि टॅबलेट माझ्या मांडीवर ठेवला. आपटला नाही एवढंच.

वाईच्या कर्णबधिर शाळेच्या सभागृहात तालीम चालली होती. समोर सतरंजीवर गोदूताई उभ्या होत्या, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. त्यांच्या उजव्या अंगाला माझी धाकटी बहीण चारुलता. गोदूताई गात होत्या गजेंद्रमोक्षाचं आख्यान, आणि तेच आख्यान चारू हातांनी, खांद्यांनी, भुवयांनी सांगत होती. चारूला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी आम्ही दोघी घाटावरच्या कीर्तनात पहिल्या रांगेत बसायचो. बुवा काय म्हणतात ते मी तिला खुणांनी सांगायची, आणि ती माझ्याकडे कमी, बुवांच्या हातवाऱ्यांकडे जास्त बघायची. पुढे ती याच शाळेत चित्रकला शिकवायला लागली आणि एक दिवस गोदूताईंच्या दारात जाऊन उभी राहिली: मला कीर्तन शिकवा.

"अगं, गाणार कसं?" गोदूताईंनी विचारलं होतं.

"गाणार तुम्ही," चारूने सांगितलं. "मी सांगणार."

यंदा कृष्णामाईच्या उत्सवात गोदूताईंनी पंचांकडून एक दिवस मागून घेतला होता. उत्तररंग, म्हणजे कीर्तनातला आख्यानाचा भाग, चारूसह. जिल्ह्यातल्या बाकीच्या कर्णबधिर शाळांमधली मुलं ते आपापल्या टॅबलेटवर थेट बघणार. पंच कुरकुरत तयार झाले. "एकदा होऊन जाऊ दे," मुख्य पंच म्हणाले, "मुलांना कळलं तर दरवर्षी ठेवू. नाही कळलं तर ताई, पुढच्या वर्षी हा हट्ट नको."

आणि आता तालमीत टॅबलेटवर बघणाऱ्या आमच्याच मुलांना कळत नव्हतं. चारूचा उजवा हात म्हणजे सोंड. ती खाली जाते, तळ्यातलं कमळ उचलते आणि वर येते. टॅबलेटवर मात्र हात खाली दिसायचा, चित्र थबकायचं आणि मग एकदम हात वर. मधलं सगळं गायब. पुढ्यात बसलेल्या एका मुलीने आपल्या टॅबलेटकडे बोट दाखवून मला खुणेने विचारलं, "हत्तीने कमळ उचललं की फेकून दिलं?"

बोलणाऱ्याचा आवाज मध्येच तुटला तर आपण अंदाजाने शब्द जुळवतो. इथे हात तुटला की शब्दच तुटत होता.

"तुझंच काम ना हे?" चारूने मला डिवचलं. "चित्र काढणारा तो प्रोग्राम तूच लिहितेस म्हणून सांगत फिरतेस ना गावभर?"

"गावभर नाही. दोघातिघांना."

"मग दुरुस्त कर."

खरं होतं. त्या टॅबलेटमधल्या चिपचं नाव के-सात. स्वस्त, सरकारी योजनेत सगळीकडे वाटलेली. तिच्याकडून चित्र काढून घेणारा प्रोग्राम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, खुला होता, म्हणजे जगभरातली हौशी आणि पगारी माणसं मिळून तो लिहायची, कुणीही वाचावा, कुणीही सुधारणा पाठवावी. त्यातला चित्र काढण्याचा भाग माझ्याकडे होता. काढलेलं चित्र मेमरीतून उचलून पडद्यावर मांडण्याचा भाग खाली कर्नलमध्ये, म्हणजे टॅबलेट चालवणाऱ्या मूळ प्रणालीत, आणि त्याचे कारभारी होते कुणी उपासनी. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मेलिंग लिस्टवरची त्यांची उत्तरं मात्र सगळ्यांना माहीत होती. एक ओळ, आणि बहुतेक वेळा ती ओळ "नाही" अशी.

आठवडाभर मी त्या चिपच्या मागे लागले आणि मग सापडलं. चित्राचे तुकडे करून ते मेमरीच्या कप्प्यांमध्ये वाटून ठेवतात. किती कप्प्यांनंतर पुन्हा पहिल्याकडे वळायचं याचा प्रत्येक चिपचा एक आकडा असतो. चित्र काढणाऱ्याला तो लागतो आणि मांडणाऱ्यालाही. असे आकडे लिहून ठेवलेल्या माझ्या तक्त्यात के-सातसाठी जो आकडा होता तो साफ चुकीचा होता. आदल्या चिपचा तसाच उचललेला; मोजायचा राहून गेलेला तेवढा एकच. आणि गंमत अशी की उपासनींच्या तक्त्यातही तोच चुकीचा आकडा! ज्या हिशेबाने मी ठेवत होते त्याच हिशेबाने ते उचलत होते, म्हणून चित्र अगदी बरोबर दिसायचं. फक्त अर्धे कप्पे रिकामे आणि उरलेल्यांवर झुंबड. पंगतीत सगळे वाढपी एकाच पातेल्यापाशी उभे राहावेत तसं. कुणी उपाशी राहत नव्हतं, पण वाढायला वेळ लागत होता. नुसता मजकूर वाचताना हे कळायचं नाही. हात झपकन हलले की कळायचं.

मी माझ्या तक्त्यातला आकडा दुरुस्त केला आणि मोठ्या समाधानाने पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी तक्रारींचा पाऊस. ज्यांनी माझा भाग नवा घेतला होता आणि कर्नल जुनंच ठेवलं होतं, म्हणजे जवळजवळ सगळेच, त्यांच्या पडद्यावर चित्राची गोधडी झाली होती. एकाच्या लेकीचा वाढदिवसाचा फोटो तुकड्यातुकड्यांनी उलटापालटा. मी आता खऱ्या आकड्याने ठेवत होते आणि उपासनी खोट्या आकड्याने उचलत होते.

मी मुकाट्याने दुरुस्ती मागे घेतली. उपासनींना लिहिलं की खरा आकडा हा आहे, आपण दोघांनी एकाच वेळी बदलू या. त्यांचं उत्तर आलं: "लोक एकाच वेळी दोन्ही भाग बदलत नाहीत. जे चालतंय ते मोडायचं नाही. नाही."

मी लिहिलं, "मग हा आकडा दोघांकडे असावाच कशाला? माझा तक्ता मी स्वतः मोजून केलाय. माझ्याकडे राहू द्या, तुम्ही माझ्याकडून घ्या."

"कर्नल वरच्याकडून असं काही घेत नाही. तक्ता खाली येईल. पण जुना आकडा तसाच राहील."

मला राग आला. लिस्टवर लिहू नये ते लिहून बसले: "या आकड्यापायी मुलांना हात दिसत नाहीयेत." आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"उपासनी बोलतोय. साताऱ्याहून."

"साताऱ्याहून?" माझा विश्वासच बसेना. इतकी वर्षं मी त्यांना जर्मनीत कुठेतरी बर्फात बसवून ठेवलं होतं.

"का? साताऱ्यात कर्नल लिहायला बंदी आहे? हे बघा, मुलांना हात दिसत नाहीत म्हणजे काय? कुणाचे हात? तुम्ही माणसाला काही कळेल असं लिहीत का नाही?"

"सांगून कळायचं नाही. बघायला या. एसटीने तासाभराचा रस्ता."

"काय बघायला?"

"कीर्तन."

"मी देवाबिवाच्या भानगडीत नसतो."

"हत्ती आहे त्यात."

"हत्ती?" ते म्हणाले. "बरं."

ते आले ते दुपारच्या तालमीला. साठीचे, सडसडीत, खांद्याला कापडी पिशवी. भुवया म्हणजे दोन जाड ब्रश आणि त्यांच्यामध्ये कायमची आठी. चारूने त्यांना नखशिखांत न्याहाळलं, दोन्ही तर्जन्या आपल्या भुवयांवर ठेवल्या आणि एकमेकींकडे ओढल्या.

"काय म्हणाल्या?" उपासनींनी मला विचारलं.

"तुमचं नाव ठेवलं. बहिऱ्यांच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं."

"काय ठेवलं?"

"आठी."

ते नाखूश झाले असं काही दिसलं नाही. सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसले, हातात टॅबलेट घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

गोदूताईंनी चिपळ्या धरल्या. तळं आलं, हत्तींचा कळप आला, गजेंद्र पाण्यात उतरला. चारूचा हात खाली गेला, टॅबलेटवर थबकला आणि एकदम वर दिसला. उपासनींनी समोरच्या चारूकडे बघितलं, मग टॅबलेटकडे, मग पुन्हा चारूकडे.

"कमळ कुठे गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तेच तर," मी म्हटलं.

गोदूताईंचं आमच्याकडे लक्ष होतं. कीर्तनकाराला श्रोता दिसला की राहवत नाही. नक्राने, त्या तळ्यातल्या मगरीने, गजेंद्राचा पाय धरलेला असतानाच त्या मध्येच थांबल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, "एवढ्यात तळ्याच्या काठी साताऱ्याचे एक गृहस्थ आले. म्हणाले, मला देवाशी कर्तव्य नाही, तुमचा हत्ती तेवढा दाखवा! नक्र म्हणाला, बसा हो, आधी माझं जेवण होऊ द्या!"

साथीला बसलेल्या मास्तरांची पेटी हसल्यासारखी वाजली. आणि मला दिसलं की चारूच्या हातांत ते गृहस्थ आधीच आले होते. पिशवी, आठी, कपाळावरचा चष्मा, सगळं. मुलं गडगडा लोळली.

उपासनी हसले नाहीत. तालीम संपल्यावर व्हरांड्यात चहा घेताना त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"हे आख्यानात ठरलेलं नव्हतं ना? मग यांना कसं कळलं? ऐकू तर येत नाही."

चारूला ओठ वाचता येतात. तिने हातांनी उत्तर दिलं आणि मी बोलून दाखवलं. "म्हणते, प्रत्येक वळणावर मी ताईंकडे बघते. भुवया वर करते. म्हणजे आमच्या भाषेत प्रश्न. पुढे काय? ताई तोंडाने किंवा हाताने सांगतात. जे सांगतील ते मी धरते."

"आणि ताई गाण्यात रंगल्या, सांगितलंच नाही तर?"

चारूने खांदे उडवले. "मग जे जुनं ठरलंय ते. ते मोडत नाही. जरा शिळं असतं, एवढंच."

उपासनींनी कप तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. चहावर साय आली तरी त्यांचं लक्ष नाही. गोदूताईंनी मला कोपराने ढोसलं. "यांना काही होतंय का गं?"

"विचारलं तर नवं," ते स्वतःशीच म्हणाले. "नाही विचारलं तर जुनं."

"काय?"

"आकडा. तक्ता माझ्याकडे ठेवू, एकच. खरा आकडा त्यात. तुमच्या प्रोग्रामने सुरू होताना मला विचारायचं. विचारलं तर मी खरा सांगणार. लोकांच्या टॅबलेटवर तुमचे जुने प्रोग्राम आहेत ते विचारणारच नाहीत, त्यांना विचारायचं माहीतच नाही. मग त्यांच्यासाठी मी जुन्या आकड्याने उचलत राहणार. आणि जिथे माझा भाग जुना, तिथे उत्तरच येणार नाही; मग तुम्हीही जुनाच धरायचा. कुणाचंही काही मोडत नाही."

ते बरोबर होतं, आणि तरी माझ्या तोंडून निघालं ते असं:

"म्हणजे चुकीचा आकडा तुमच्या घरून आला, आणि आता घरही तुमचंच?"

"चुकीचा आकडा दोघांच्या घरी होता, बाई."

"खरा मी शोधला!"

"आकडा तुमचाच. राहायला माझ्याकडे. मुलगी सासरी गेली तरी माहेरची राहतेच ना?"

चारूने ओठ वाचले आणि डोळे फिरवले. "हा माणूस कोड लिहायला आलाय की लग्न जमवायला?"

मी ते उपासनींना सांगितलं नाही. माझं मन त्या तक्त्यात अडकलं होतं. एकेक चिप टेबलावर मांडून, रात्रंदिवस तापवून, मोजून मी तो भरला होता. लोक त्याला माझ्या नावाने ओळखायचे. तो काढून टाकायचा म्हणजे गळ्यातली माळ काढून दुसऱ्याच्या खुंटीला अडकवायची. पण माझ्यासमोर चारू उभी होती. तिचा उजवा हात नकळत चाळा करत होता, खाली, वर, खाली, वर. तिच्या अंगातून ती सोंड जातच नव्हती.

"एक अडचण आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बदललेला वाटला. "एकाच टॅबलेटवर एक प्रोग्राम नवा आणि शेजारी दुसरा जुना असेल. एक विचारणारा, एक न विचारणारा. दोघांची चित्रं एकाच पडद्यावर. तुम्ही उचलताना कोणतं कोणत्या आकड्याने ठेवलंय हे ओळखणार कसं?"

आठी घट्ट झाली. "हं. तिथे फसतं."

"नाही फसत. विचारणाऱ्याने आपल्या प्रत्येक चित्राला एक खूण लावायची. खूण दिसली की खरा आकडा. खूण नाही, तर जुना."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "हे मला सुचायला हवं होतं."

"आणि अख्खा तक्ता मी देणार नाही," मी पुढे म्हटलं. "कप्प्यांचा आकडा दोघांना लागतो, तो तुमच्याकडे. पण रंग मिसळायची पद्धत, त्रिकोण काढायचा वेग, हे तुम्हाला कुठे लागतं? जे एकट्या माझ्या कामाचं ते माझ्याच घरी राहील. उगीच सगळं तुमच्या माळ्यावर नको."

"मला तरी कुठे हवंय?" उपासनी म्हणाले. "माळा आधीच भरलाय."

गोदूताईंनी त्यांच्या हातातला गार कप काढून घेतला आणि गरम चहा दिला. "ठरलं का लग्न?" त्यांनी विचारलं. म्हणजे चारूचं बोलणं त्यांनी पाहिलं होतं तर.

पुढचे दिवस कामाचे. टॅबलेट बनवणाऱ्या कंपनीची अट होती की मुख्य कोडमध्ये रीतसर स्वीकारलं गेलेलं तेवढंच आम्ही शाळांकडे पाठवू. म्हणजे उत्सवाच्या आधी ते स्वीकारलं जायला हवं होतं. उपासनींनी खालची बाजू लिहिली, मी वरची. पण आमच्यातली कुरबूर काही थांबली नव्हती. मी पाठवायची, ते त्यातली एक ओळ धरून परत पाठवायचे. "या फंक्शनचं नाव काय ठेवलंय तुम्ही? हे नाव आहे की स्तोत्र? संपतच नाही." मी त्यांच्या कोडमध्ये एक चूक काढली तेव्हा त्यांचं उत्तर आलं, "मान्य. आनंद झाला असेल." झालाच होता.

शेवटी ती वेळ आली. माझ्या तक्त्यातल्या कप्प्यांच्या ओळी मी निवडल्या. एकदा वाचल्या. देवघरात निरंजन तेवत होतं, मी तिकडे बघून हात जोडले आणि ओळी पुसून टाकल्या. त्यांच्या जागी एकच ओळ आली: खाली विचार.

दुपारी लिस्टवर उपासनींचं उत्तर पडलं. जगभरातले लोक वाचत होते. नेहमीसारखी एकच ओळ: "तपासलं. मान्य. तक्त्यातले सर्व आकडे हेमांगी दाणी यांनी मोजलेले आहेत." माझं नाव असलेली ती ओळ मी चारूला दाखवली. तिने वाचली, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "बघ, आकड्याला माहेरचं नाव लावलं त्याने."

उत्सवाच्या दिवशी घाट भरला होता. नदीवरून वारा येत होता, मंडपाच्या झालरी हलत होत्या, आणि पुढच्या रांगेत आमच्या शाळेची मुलं. बाकीच्या शाळा टॅबलेटपुढे बसलेल्या. उपासनी आले होते, पण देवीच्या पालखीकडे पाठ करून, खांबाशी, हातात टॅबलेट धरून. मीही त्यांच्याजवळच उभी. समोर प्रत्यक्ष कीर्तन रंगलेलं आणि आम्ही दोघे वेडे पडद्यात डोकं घालून.

"तुम्ही तरी समोर बघा," ते पुटपुटले. "भाविक आहात ना?"

"सोंड उचलली जाईपर्यंत माझा देव या टॅबलेटमध्ये आहे," मी म्हटलं.

पूर्वरंग झाला. मध्यंतरात नामघोष झाला, कपाळांना बुक्का लागला, गोदूताईंच्या गळ्यात हार पडला. मग त्यांनी चारूला हाताला धरून पुढे घेतलं. मुख्य पंच खुर्चीत ताठ बसले.

तेवढ्यात म्हसवडच्या शाळेतून निरोप आला. त्यांच्या टॅबलेटवर उपासनींचा भाग नवा आला होता, माझा मात्र जुनाच राहून गेला होता. जुना प्रोग्राम काही विचारणार नव्हता. नंतर दुसरी ओळ आली: "इथे जरा अडखळतंय, पण सगळं दिसतंय. कमळ दिसतंय." मी फोन उपासनींपुढे धरला. त्यांनी वाचलं. खांबाला टेकलेले होते ते सरळ उभे राहिले. जुना आकडा ठेवायचा हट्ट त्यांनी धरला नसता तर म्हसवडच्या मुलांपुढे आज गोधडी असती.

आख्यान चढत गेलं. नक्राने पाय धरला. गजेंद्र ओढतोय, नक्र ओढतोय, कळपातले हत्ती एकेक करून निघून जातायत. चारूचा चेहरा आणि तिचे खांदे बघून शेजारची एक आजीबाई पदराने डोळे टिपायला लागली, आणि तिला खुणांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आता गजेंद्राचा धावा. गोदूताईंनी वरचा सूर लावला. इथे ठरलेलं असं होतं की चारूने मान वर करून, तोंड उघडून गजेंद्राची आर्त हाक दाखवायची.

चारूने ती दाखवली नाही.

ती गोदूताईंकडे वळली आणि तिने भुवया वर केल्या.

गोदूताई सूर लावून होत्या. आयुष्यभर त्यांनी कीर्तन सांगितलं होतं, कुणाला विचारलं नव्हतं. त्यांनी चारूकडे बघितलं. सूर सोडला. चिपळ्या खाली घेतल्या. मास्तरांनी भाता थांबवला, तबलजीने हात उचलला. सबंध घाट शांत, फक्त नदी. आणि गोदूताईंनी हळूच मान हलवली: सांग.

चारूने बोटं गळ्यावर ठेवली आणि रिकामी काढून घेतली. आवाज संपला. मग तिचा उजवा हात खाली गेला, पाण्यात, आणखी खाली, चिखलापर्यंत. बोटं मिटली. मी टॅबलेटकडे बघत होते. हात वर यायला लागला. एकेक बोटाचं वळण, मनगटाचा थरकाप, देठावरून ओघळणारं पाणी. कुठे थबकला नाही, कुठे तुटला नाही. वर, आणखी वर. तिने बोटं उघडली आणि कमळ उमललं.

मग ती देवाकडे आली. आख्यानात पुढे असतं की देवाने ऐकलं. त्याची खूण कानापाशी असते. चारूचा हात कानाकडे गेलाच नाही. तो डोळ्यापाशी गेला.

देवाने बघितलं.

पुढच्या रांगेतले सगळे हात एकदम वर गेले आणि हवेत थरथरू लागले. बहिऱ्या मुलांच्या टाळ्या अशाच असतात. त्यांच्या मागच्या माणसांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही हात वर केले. त्यांच्या मागच्यांनीही. पायऱ्यांवर वरपर्यंत हातच हात. फोनवर कोरेगावहून, फलटणहून, म्हसवडहून व्हिडिओ यायला लागले, त्यांतही तेच, वर्गभर थरथरणारे हात. कमळाबद्दल कुणालाही काही विचारायचं राहिलं नव्हतं.

मुख्य पंच खुर्चीतून उठले. त्यांना हात वर करू की जोडू कळेना, म्हणून त्यांनी जोडलेले हात वर केले. "दरवर्षी!" ते ओरडले. "ताई, दरवर्षी!" आणि मग चारूला ते ऐकू गेलं नसणार हे लक्षात येऊन तिच्यासमोर जाऊन पुन्हा सावकाश ओठ हलवून म्हणाले.

आरती झाली. नारदाच्या गादीवर जो उभा राहतो त्याच्या पायांशी आपण वाकतो, तो मोठा असो की लहान. मी माझ्या धाकट्या बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. उठले तर माझ्या मागे उपासनी रांगेत उभे.

"मी देवबिव मानत नाही हं," त्यांनी चारूला आधीच बजावलं.

चारूने ओठ वाचले. "विचारलं कुणी?"

ते मी त्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले. मग वाकले. चारूने त्यांच्या कपाळावर, बरोबर त्या आठीवर, बुक्का टेकवला. तिने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. दोन्ही तर्जन्या आपल्या भुवयांवर ठेवल्या. पण या वेळी एकमेकींकडे ओढल्या नाहीत. वर उचलल्या.

"आता काय म्हणाल्या?" उपासनींनी मला विचारलं.

"तुमचं नाव बदललं."

"काय झालं?"

मी काही सांगायच्या आत त्यांनी स्वतःच ते करून बघितलं. पिशवी खांद्यावर सावरत, घाटाच्या पायरीवर उभे राहून त्यांनी बोटं भुवयांवर ठेवली आणि ते दोन जाड ब्रश वर, वर, पार कपाळातल्या बुक्क्यापर्यंत नेले. त्या चेहऱ्याचा अर्थ एकच होता, आणि तो समोरच्या प्रत्येक मुलाला कळला. एका छोट्या मुलीने खुणेने त्यांना उत्तर दिलं: हो, विचारा ना.